नॅनमावशीचं न दिलेलं गाणं

आम्हा फिरस्त्या लोकांत गाणं ज्याचं त्याचं असतं. नॅनमावशीचं गाणं बुडालेल्या दोन भावांचं, तेरा कडव्यांचं. तिला ते तिच्या आईनं दिलं होतं. मावशी स्वतः "आता हे तुझं" म्हणेपर्यंत दुसऱ्या कुणी ते तोंडातून काढायचं नाही. मला ते ऐकून ऐकून पाठ होतं, पण पाठ असणं वेगळं.

मावशीनं ते लेकीसाठी, शीनासाठी राखून ठेवलं होतं. शीना सात वर्षांची असताना सरकारी माणसं आमच्या तंबूत आली, पोर शाळेत जात नाही म्हणाली आणि तिला घेऊन गेली. तेव्हापासून दर जुलैत ब्लेअरगौरीच्या मळ्यात रासबेरी तोडताना मावशी रस्त्याकडे तोंड करूनच उभी राहायची. एकदा युनिव्हर्सिटीतला एक साहेब टेपरेकॉर्डर घेऊन आला.

"चहा घे, हवी तर दुसरी वीस गाणी घे," मावशी त्याला म्हणाली. "हे माझ्या लेकीचं आहे. तू माझी लेक आहेस का रे?"

सगळा मळा हसला. मला मात्र रडू आलं.

पुढे मावशीला अर्धांगवायू झाला, वाचा गेली. आणि त्याच उन्हाळ्यात, दैवाला जराही लाज नाही, शीना आली. तिशीची, हातमोजे घातलेली. आईला खेटून गवतावर बसली आणि मला म्हणाली, "ही एक गाणं म्हणायची. पाण्याचं काहीतरी. तुला येतं का गं?"

मावशी चांगल्या हातानं माझ्या गुडघ्यावर थापा मारायला लागली. मी अक्कलशून्य! मला वाटलं, म्हणू नकोस म्हणतेय.

"ते हिचं आहे," मी म्हटलं. "हिनं दिल्याशिवाय मला म्हणता येत नाही."

"तिला बोलता येत नाही, दिसत नाही का तुला?"

"म्हणूनच."

शीना अर्धा चहा टाकून उठली. तिची बस गेली, तरी मावशीचा हात थांबला नव्हता.

ऑक्टोबरात मावशी गेली. मालकीण मेली की गाणं मोकळं होतं, म्हणून मी ते साहेबाच्या यंत्रात म्हटलं. आता ग्लासगोतली तरणी पोरं डोळे मिटून नॅनचं गाणं म्हणतात. गाणं मी वाचवलं, असं लोक म्हणतात. त्यांच्या एक कानाखाली वाजवावीशी वाटते.

शीनालाही मी पत्र लिहून टेप पाठवली. टेप परत आली. सोबत चिठ्ठी होती: "मला ते आईजवळ बसून ऐकायचं होतं."