मोंबासातल्या घराचे अकरा जामीन

यशवंतअण्णांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त मीही चार ओळी लिहाव्यात, असे गौरवग्रंथाच्या संपादकांनी कळवले. खोटे लिहिलेले देवाला आवडणार नाही, म्हणून आधीच सांगतो : वीस वर्षे मी अण्णांचा हेवा करीत आलो आहे.

पलूसच्या पतपेढीत मी कारकून म्हणून रुजू झालो, तेव्हा अण्णा चिटणीस होते. मी सातवीची परीक्षा पहिल्या वर्गात उतरलेला. अण्णांची शाळा चौथीतच सुटलेली. पहिल्याच दिवशी एक शेतकरी अर्ज घेऊन आला. मी हात पुढे केला, तर म्हणाला, "तुमी ऱ्हाऊ द्या. अण्णा येऊंद्यात." दोन तास तो उंबऱ्यात बसून राहिला. ते दोन तास मला अजून बोचतात.

दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरची गोष्ट. आमच्या गावचे हुसेन मिस्त्री आफ्रिकेत मोंबासाला सुतारकाम करीत. ते भाड्याने राहत ते घर मालकाने विकायला काढले. घ्यावे, नाहीतर तीन महिन्यांत बायकामुलांसह बाहेर पडावे, असा प्रसंग आला. तिथला सावकार कर्ज देणार होता. पण मिस्त्री परमुलखातले, म्हणून मूळ गावच्या, जमीन असलेल्या दोन माणसांची जामीनकी त्याने मागितली. मिस्त्रींच्या आई पत्र घेऊन पेढीत आल्या.

मी नियम वाचून दाखवला : परदेशातल्या घरासाठी पेढीला काही करता येत नाही. नियम बरोबर होता. अण्णांनी मान डोलावली.

"पेढी न्हाई करायची, मावशी. आमी करू."

दुसऱ्या दिवशी चावडीसमोर माणसे जमली. मी लिहिलेल्या जामीनकीच्या कागदावर अण्णांनी आधी स्वतः सही केली. मग म्हणाले, "हुसेननं हप्तं चुकवलं, तर तुमच्या उसावर येईल. इचार करा."

"अण्णा, ह्यो मोंबासा कंच्या तालुक्यात आला?"

"ठावं न्हाई. हुसेन आपल्या तालुक्यातला हाय."

तिथल्या बहुतेकांच्या दारात मिस्त्रींनी घडवलेली बैलगाडी होती. दुसरी सही झाली तसा मी कागद आवरू लागलो. माणसे उसळली. "आवं भाऊसाहेब, मान काय दोघांनाच? आमी काय मेलोय व्हय?" अकरा सह्या-अंगठे झाले.

"सावकार हसेल," मी म्हणालो.

"हसू दे की," अण्णा म्हणाले. "हसला म्हंजे वाचलं त्यानं!"

दीड एकर माझीही आहे. मला कुणी सही मागितली नाही. मीही पुढे झालो नाही. माझ्यासाठी गावाने असे अंगठे उठवले असते का, हा विचार तेवढा करीत राहिलो.

घर मिळाले. आभाराचे पत्र आले, ते अण्णांच्या नावे. त्यांनी ते पेढीत सर्वांना वाचून दाखवले आणि म्हणाले, "सावकाराला पटंल असा कागद भाऊसाहेबांनी लिवला, म्हणून जमलं." मला त्यांचा रागच आला. हेवासुद्धा ते माणसाला सुखाने करू देत नाहीत.

रोज देवापुढे उभा राहून मन निवळावे म्हणून मागतो. अजून निवळलेले नाही. अण्णांना परमेश्वराने निरोगी, दीर्घ आयुष्य द्यावे, यात माझा स्वार्थ आहे. पुन्हा अशी वेळ आली, तर न मागता बारावी सही मला करायची आहे, आणि ती अण्णांच्या देखत.