बोलता न येणाऱ्यांच्या चादरी

साडूचं नाव निघालं की घडीवाल्याच्या पोटात इस्त्री तापायची.

घडीवाला हे नाव दवाखान्यानं पाडलेलं. मोठ्या दवाखान्याच्या तळघरात लॉन्ड्री होती, आणि तिथल्या घडीच्या टेबलापाशी उभं राहून राहून त्याच्या पायांच्या शिरा फुगल्या होत्या. साडू म्हणजे त्याच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तो सुवार्तिक होता. खांद्याला पिशवी लावून वस्त्यावस्त्यांतून प्रभूचं वचन सांगत फिरायचा आणि रविवारी मंडळीपुढे साक्ष द्यायला उभा राहायचा. आवाज असा, की चर्चमधल्या माइकला काम उरायचं नाही. अंगातला पांढरा शर्ट कायम कडक, कारण त्याला इस्त्री घडीवाल्याच्या हातची. धाकटी शर्ट थोरलीकडे पाठवायची, थोरली नवऱ्यापुढे ठेवायची, आणि घडीवाला दात-ओठ खात कॉलर ताठ करायचा. ज्याच्यावर जळायचं त्याचाच शर्ट चमकवायचा, असा तो सगळा मामला.

नुसता मानाचा प्रश्न असता तर त्यानं गिळला असता. पण हा साडू लग्नानंतर याच लॉन्ड्रीत कामाला लागला होता. घडीवाल्यानंच वर शब्द टाकला होता. काम म्हणाल तर आनंदीआनंद. रक्ताचे कपडे आधी थंड पाण्यातून काढायचे असतात. गरम पाण्यात रक्त कापडात शिजून बसतं. साडूनं अख्खी खेप गरम पाण्यात घातली. घडी घालायला लावलं तर चादरीचे चार कोपरे चार दिशांना. इस्त्रीच्या रोलरवर उभं केलं तर कडा करपलेल्या. घडीवाला मागून निस्तरत राहायचा. मग एके दिवशी साडूनं सांगितलं की देवानं आपल्याला बोलावलंय, आणि एप्रन खुंटीला लावून तो चालता झाला.

ज्याला चादरीचे कोपरे जुळवता येत नव्हते त्याला देवानं बोलावलं, आणि जुळवणाऱ्याला तळघरात ठेवलं. हे गणित घडीवाल्याला कधी सुटलं नाही.

त्याचं स्वतःचं काम कसं होतं ते सांगायला हवं. रोलरमधून आलेली गरम चादर तो टेबलावर पसरायचा आणि घडी घालण्याआधी तिच्यावरून तळहात फिरवायचा. एकदा उभा, एकदा आडवा. दवाखान्याच्या कपड्यांत काय सापडत नाही? टाचण्या, केसांचे आकडे, सुयांची टोपणं. धुलाईत सगळं निघत नाही, आणि डोळ्याला चुकतं ते हाताला लागतं. लकव्याच्या वॉर्डाचा गठ्ठा तर तो वेगळाच बांधायचा. तिथली माणसं कूस बदलू शकत नाहीत, काहींना बोलताही येत नाही. नवी चादर खरखरीत असते, म्हणून धुऊन धुऊन मऊ झालेल्या जुन्या चादरी तो त्यांच्यासाठी बाजूला काढायचा. ठिगळ असलंच तर ते पायाकडे येईल अशी घडी. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. केलं म्हणून कुणी शाबासकीही दिली नव्हती.

नेमकं त्याच कामावर साडूनं एका रविवारी पाणी ओतलं. साक्ष देताना तो म्हणाला, "मी जगाची घाण धूत बसलो होतो. प्रभूनं मला त्या तळघरातून वर काढलं." मंडळी आमेन म्हणाली. शेजारी बसलेली घडीवाल्याची बायकोही म्हणाली. ती सवयीनं म्हणाली असेल, पण तिचं आमेन त्याच्या बरगडीत रुतलं. त्या दुपारी सगळे सासरी जेवायला होते, तिथे सासऱ्यांनी वर मीठ चोळलं. आपला एक जावई देवाच्या कामात आहे आणि एक दवाखान्याच्या, असं ते पाहुण्यांना सांगत होते, आणि 'दवाखान्याच्या' म्हणताना त्यांचा आवाज आपोआप दोन पायऱ्या उतरत होता.

घरी आल्यावर त्यानं बायकोला गाठलं.

"मी करतो ते कुणाचं काम?"

"दवाखान्याचं. पगार तेच देतात ना?"

"आणि देवाचं?"

"अहो, त्याला रविवार आहे की. शर्ट बदला आधी, डाग पडेल."

त्याला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की आपल्या हातच्या कामाला देवाच्या दारी काही किंमत आहे की नाही. बॉयलर धडधडत असताना तो टेबलाशी उभ्या उभ्या प्रार्थना करायचा: प्रभू, मला कधी बोलावणार? उत्तर आलं नाही. मग त्यानं ठरवलं, बोलावणं येत नसेल तर आपणच जाऊन दारात उभं राहायचं.

तो साडूच्या घरी गेला आणि पत्रिका मागितल्या. साडू छापील पत्रिका वाटायचा. चार पानांच्या, मध्ये स्टेपलरची पिन मारलेल्या. साडूला इतका आनंद झाला की त्यानं घडीवाल्याला मिठीच मारली. "दादा, तुम्हीपण सेवेत आलात!" म्हणाला. आजवर घडीवाला जणू रिकामा बसून माशाच मारत होता. तरी त्यानं हसून पिशवी उचलली.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक चादरीच्या घडीत एक पत्रिका जाऊ लागली. पिन बोटाला लागत होती. आयुष्यभर कपड्यातून पिना वेचलेला हात, तो अडखळायचाच. पण सिस्टर चादर उलगडतील, पत्रिका हातात येईल, रोग्याच्या उशाशी जाईल, अशी त्यानं मनाची समजूत घातली. झालंही तसं. एका रोग्यानं वरून निरोप पाठवला की कागद वाचला, बरं वाटलं. घडीवाल्याला आकाश ठेंगणं झालं. रविवारी त्यानं ते साडूला ऐकवलं. साडूनं निर्मळपणे विचारलं, "किती वाटल्या, दादा?" झालं. त्या प्रश्नानं त्याला कामाला जुंपलं. आता साडूपेक्षा जास्त वाटायच्या होत्या. जास्त वाटायच्या तर हात भराभर चालायला हवा. आणि घडीत कागद असल्यावर चादरीवरून तळहात फिरवून काय कळणार, सगळीकडे कागदच लागणार. म्हणून तळहात फिरवणं त्यानं सोडून दिलं. गठ्ठेही सरमिसळ झाले. लकव्याच्या वॉर्डाला हाताला येईल ती चादर जाऊ लागली.

एके सकाळी त्या वॉर्डाची सिस्टर स्वतः जिना उतरून लॉन्ड्रीत आली. वरचं माणूस कधी खाली येत नसे, म्हणून सगळ्यांचे हात थांबले. तिच्या हातात ओली, चुरगळलेली पत्रिका होती, आणि पिनेचे दोन्ही पाय उघडे पडले होते.

झालं होतं असं. लकव्याच्या एका म्हाताऱ्याची चादर घाईघाईत बदलली गेली. त्याला एका कुशीवर वळवायचं, अर्धी चादर सरकवायची, मग दुसऱ्या कुशीवर. शेवटची घडी पाठीखालीच उलगडली, आणि पत्रिका तिथेच राहिली. म्हाताऱ्याला त्या अंगाला संवेदना नव्हती आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. पुढच्या चादरबदलापर्यंत तो त्या पिनेवर पडून राहिला. कमरेपाशी जखम झाली होती, आणि अशा माणसाची जखम लवकर भरत नाही.

सगळ्या सिस्टरांच्या मुख्य असलेल्या मेट्रनबाईंच्या खोलीत घडीवाल्यानं आडपडदा ठेवला नाही. माझंच काम, म्हणाला. मेट्रनबाई ओरडल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "तुमच्याकडून?" मग त्यांनी सांगितलं की नोकरी जाणार नाही, पण लकव्याच्या वॉर्डाचा गठ्ठा यापुढे शिवणवाली बांधेल. शिवणवाली म्हणजे वरच्या शिवणखान्यात ठिगळं लावणारी बाई, अलीकडेच लॉन्ड्रीत बदलून आलेली.

साडूला कळलं तसा तो धावत आला. चेहरा उतरलेला. "दादा, पिना मीच मारतो," म्हणाला, "पानं सुटू नयेत म्हणून. मला सुचायला हवं होतं." आणि माफी मागायला मीही बरोबर येतो म्हणून हटून बसला. वाईट माणसाचा हेवा करणं सोपं असतं. हा मेला भला निघाला, आणि घडीवाल्याची पंचाईत झाली.

दोघं वॉर्डात गेले. म्हाताऱ्याची बायको उशाशी बसली होती. घडीवाल्यानं हात जोडून सांगितलं, ती पत्रिका मी ठेवली होती. साडूनं विचारलं, प्रार्थना करू का. म्हातारीनं मान डोलावली. साडूनं आवाज अगदी खाली आणला आणि अशी प्रार्थना केली की म्हाताऱ्याच्या चांगल्या डोळ्यातून पाणी आलं. त्याही घडीला, त्या खाटेशी उभं राहून, घडीवाल्याच्या मनात आलं: हे मला का जमत नाही? स्वतःचीच त्याला शिसारी आली.

मग म्हातारी घडीवाल्याकडे वळली. "पत्रिका वाचली मी. चांगली होती. पण ती माझ्या हातात द्यायची, बाबा. यांच्या पाठीखाली नाही."

तिनं चादरीची कड दोन बोटांत धरली.

"आधी इथे मऊ चादरी यायच्या. शिवण कधी पाठीला आली नाही. मला वाटायचं, खाली कुणीतरी आहे, ज्याला माहीत आहे की यांना बोलता येत नाही. मी त्याच्यासाठी देवाचे आभार मानायचे. मग मध्येच त्या बंद झाल्या. तो माणूस सोडून गेला का?"

साडूनंच उत्तर दिलं. "आजी, तोच हा."

माफ केलं असं काही तिनं म्हटलं नाही. "मग परत ये," एवढंच म्हणाली.

जिना उतरताना घडीवाल्याला सारखं वाटत होतं की आपण वर बोलावणं ऐकायला कान लावून बसलो, आणि ते इतके दिवस हातात होतं. पण हात तर आता रिकामे होते. खाली टेबलापाशी शिवणवाली त्याचा गठ्ठा बांधत होती, आणि तिला बघून त्याच्या पोटात असा जाळ उठला की साडूवर जळणं त्यापुढे शेकोटी वाटावी. साडूच्या व्यासपीठापायी त्यानं एवढी वर्षं कुढण्यात घालवली होती, पण ते हिसकावून घ्यावं असं कधी वाटलं नव्हतं. हा गठ्ठा मात्र हिसकावावासा वाटला. तेव्हा त्याला कळलं की आपला जीव कशात आहे.

त्यानं मेट्रनबाईंकडे जाऊन गठ्ठा परत मागितला. मेट्रनबाई म्हणाल्या, आज नाही. तुम्हाला जे येतं ते तिला शिकवा, मग पुढचं बघू. म्हणजे शिक्षाच ती.

तो शिकवू लागला. शिवणवालीचा हात हलका होता, सुई चालवून तयार झालेला. मऊ चादर कोणती, हे ती चिमटीत धरूनच ओळखायची. एकदा तर त्यानं तपासून सोडलेल्या चादरीत तिला दोऱ्याची बारीक गाठ सापडली. त्यानं तिला शाबास म्हटलं आणि संध्याकाळी घरी जाऊन बायकोवर विनाकारण खेकसला. "आता कोणाचा राग माझ्यावर?" बायकोनं विचारलं. "साडूचा हंगाम संपला वाटतं."

तळहात फिरवताना तो हल्ली मनाशी काहीतरी पुटपुटायचा. जखमेच्या त्या प्रकारानंतर लागलेली सवय. शिवणवालीनं ते हेरलं.

"भाऊ, हात फिरवताना तोंडातल्या तोंडात काय म्हणता?"

त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. हात शिकवला होता, चादर निवडणं शिकवलं होतं, घडी शिकवली होती. साडूला मंडळी मिळाली, हिला गठ्ठा मिळाला. एवढी एक ओळ तरी आपल्यापाशी राहू दे, असं त्याला वाटलं. मागच्या रोलरमधून पुढची चादर येऊन पडली. शिवणवाली वाट बघत थांबली होती, आणि दोघांच्या मध्ये पसरलेली चादर गार होत चालली होती. गार चादरीची घडी नीट बसत नाही.

"प्रभू, वरच्या रोग्याला बोलता येत नाही," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "त्याला काय खुपेल ते माझ्या हाताला सांग."

तिनं ते एकदा स्वतःशी घोळवलं. मग तोंडानं म्हटलं, शब्द थोडे मागेपुढे करून, आणि चादरीवरून तळहात फिरवला. घडीवाला डोळे बारीक करून बघत होता. उभा हात चांगला गेला. आडवा डाव्या कडेच्या अलीकडेच थांबला.

"कड राहिली," तो म्हणाला. "पुन्हा."