आठ पदरांचा गोफ

अप्पांचे डोळे काचबिंदूने जात होते. मद्रासच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलं ते परत यायचं नाही, आणि उरलं आहे तेही हळूहळू जाईल. मी शेजारी बसून ते इंग्रजी वाक्य मराठीत सांगितलं. अप्पांना इंग्रजी येत होतं. तरी माझं सांगून होईपर्यंत त्यांनी ऐकून घेतलं, जणू दोन भाषांच्या मध्ये कुठेतरी अर्थ बदलेल.

परतताना आगगाडीत ते एवढंच म्हणाले, "मासा डोळ्यांनी धरत नाहीत. बोटांनी धरतात."

अप्पा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. त्यांचा साहेब विलायतेला परत जाताना आपली मासे धरायची काठी, दोर गुंडाळायची पितळी चरखी आणि चमच्यांची पेटी त्यांना देऊन गेला. हे चमचे जेवायचे नव्हेत. चमच्याच्या आकाराचा पितळी पत्रा, त्याच्या शेपटीला गळ. नाव हळू वल्हवायची आणि मागे लांब दोर सोडून हा पत्रा ओढत न्यायचा. तो पाण्यात लटपटतो, चमकतो, आणि मोठ्या माशाला लहान मासा वाटतो. तंजावरच्या आमच्या मराठा घरांत मासे खाणारे पुष्कळ. असे धरणारे अप्पा एकटेच. त्यांची विधवा बहीण, माझी आत्या, म्हणायची, "मासेवाली दारात येते, तिला परत पाठवतो, आणि हा चमचा घेऊन नदीला वाढायला जातो."

त्यांना हवी असायची वाळै मासळी. लांब, चपटी, मोठ्या तोंडाची, डोहाच्या तळाशी पडून राहणारी.

आई मी लहान असतानाच गेली. डोळे अधू झाल्यावर अप्पांचं वाचन सुटलं, मग पत्ते सुटले. रस्त्यात माणसं ओळखू येईनात, म्हणून बाहेर जाणंही सुटलं. उरली होती बोटं. ती तरी अजून आपली आहेत का, हे त्यांना नदीच्या डोहावर पाहायचं होतं.

साहेबाचा रेशमी दोर कुजून गेला होता. आत्याला गोफ विणता येत असे. राजवाड्यात राण्या होत्या तेव्हा दागिने ओवण्यासाठी गोफ लागत, म्हणून ती लहानपणी तिथे शिकली होती. तिने मला बसवून शिकवलं. कुंभकोणमचं रेशीम आणून मी दोन गोफ विणले, एक चार पदरांचा जाड, एक आठ पदरांचा बारीक. अप्पांनी डोळे मिटून दोन्ही बोटांतून ओढून पाहिले आणि बारीक उचलला.

"जाड भक्कम आहे, अप्पा."

"असू दे. जाड दोराला पाणी वर उचलून धरतं. चमचा हातभर खाली आणि मासा तळाला, काय उपयोग? बारीक दोर पाणी कापत उतरतो." मग त्यांनी मला सगळं सांगितलं. दोर जास्त सोडला की चमचा खोल जातो. नाव सावकाश केली की आणखी खोल. पुढे शिसं बांधलं की त्याहून खोल. पण तळ खरवडता कामा नये. "तळाच्या हातभर वर चालला पाहिजे. तिथं वाळैचं तोंड असतं."

मी त्या बारीक गोफावर पाच-पाच हातांवर तांबड्या दोऱ्याचे वेढे घट्ट बांधले. रंग माझ्यासाठी, उंचवटा त्यांच्या बोटांसाठी.

नावेत अप्पांना माझी सोबत हवी होती, पण आमच्या घरांतल्या मोठ्या मुली उघड्या नावेत बसत नाहीत. आत्या अप्पांना म्हणाली, "कॉन्व्हेंटात घातलीस, झालं. आता नावाडीण कर."

"मग तू चल," अप्पा म्हणाले.

"मी बुडाले तर शिव्या कोण देईल तुला?"

शेवटी मी पदर डोक्यावरून घेऊन आणि छत्री उघडून बसले. तिरुवैयारु गावाच्या वरच्या अंगाला नदीवर एक बंधारा आहे, त्याच्या मागचा डोह. नावाडी ओळखीचा होता. अप्पांच्या बोटांतून वेढे एकेक सरकत होते आणि दर वेढ्याला त्यांचे ओठ हलत होते. एकाएकी काठी वाकली.

"लागली!"

नाव जागच्या जागी थांबली होती. दोर पाण्यात एकाच ठिकाणी खुंटासारखा उभा होता. मासा असा उभा राहत नाही, हे मलासुद्धा कळत होतं. बंधारा दुरुस्त करताना अप्पांनीच तळाशी मोठे दगड टाकून घेतले होते. त्यांतल्याच एकाला गळ अडकला होता. नावाड्याने माझ्याकडे पाहिलं. मी छत्रीच्या मुठीकडे पाहिलं. अप्पा काठी छातीशी धरून मागे रेलले होते, आणि त्यांचा चेहरा वर्षभरात मी पाहिला नव्हता तसा झाला होता.

दोर तुटला.

"गेली," ते धापा टाकत म्हणाले. "पण केवढी होती गे!"

घरी ते रोज तिची गोष्ट सांगू लागले. आत्या म्हणाली, "परवा दोन हात होती, आज तीन झाली. धरली नाहीस तेच बरं, घरात मावली नसती." अप्पा खदखदून हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "या खेपेला जाड गोफ लाव, बाळ. बारीक तिला पुरायचा नाही."

जाड गोफाने चमचा वर राहील, हे त्यांनीच शिकवलं होतं. त्या माशापुढे ते स्वतःचंच शिकवणं विसरले होते. आठवण करून द्यायची तर दगडाचं सांगावं लागलं असतं. मी जाड गोफ चरखीवर गुंडाळला.

मग कितीतरी सकाळी आम्ही रिकाम्या पाण्यातून चमचा ओढला. तो इतका वर चालायचा की मला चमकताना दिसायचा. वाळै खाली, आम्ही वर. अप्पांची बोटं दोरावर तशीच टेकलेली असायची, बंद दाराला कान लावावा तशी. घरी जाताना ते बोलेनासे झाले. आत्याने टोमणे मारायचं थांबवलं, तेव्हा मला भीती वाटली.

म्हणून एके दिवशी मी चमच्याच्या पुढे शिसं बांधलं आणि नावाड्याला सावकाश वल्हवायला सांगितलं. अप्पांनी शिसं चाचपलं. "शिकलीस," ते म्हणाले.

थोड्या वेळाने काठी वाकली, नाव थांबली आणि अप्पा मागे रेलले. "हीच ती!" जाड गोफ तुटेना. अप्पांचे दंड थरथरू लागले. मग नावाडी वल्हं आडवं ठेवून तमिळमध्ये हळूच म्हणाला, "दगड आहे, अय्या. तेव्हाही दगडच होता."

अप्पांनी काठी खाली घेतली. त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं, पण मी होते त्याच्या किंचित बाजूला.

"तुला दिसलं होतं?"

"हो, अप्पा."

त्यांनी मान हलवली. नावाड्याने नाव मागे घेऊन गळ सोडवला. "परत चल," अप्पा त्याला म्हणाले. दोर कुणी गुंडाळला नाही. तो तसाच मागे ओढला जात होता.

डोहाच्या मध्यावर, जिथे एकही दगड नाही, काठीच्या टोकाला दोन हिसके बसले आणि दोर पाणी चिरत डावीकडे धावू लागला.

"अप्पा, मासा!" माझा एवढा मोठा आवाज मी स्वतःही कधी ऐकला नव्हता.

"पुरे, बाळ."

"दोर पळतोय, अप्पा, डावीकडे! खरंच!"

"वाळै, अय्या, वाळै!" नावाडी ओरडला.

अप्पा त्याच्याकडे पाहून हसले. "तुलाही हिनेच पढवलं का?" आणि दगडातून गळ सोडवताना करतात तसा त्यांनी सगळा दोर सैल सोडून दिला. पाण्याखाली एक लांब पांढरं पोट उलटलं, आणि दोर सुटा होऊन तरंगू लागला.

नाव काठाला लागली. जटक्याच्या घोडागाडीत बसताना मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला. याआधी ते धरू देत नसत.

काठी आता माळ्यावर आहे. आत्याने जाड गोफ स्वयंपाकघराच्या दारापासून विहिरीजवळच्या न्हाणीपर्यंत कमरेएवढ्या उंचीवर ताणून बांधला. आता अप्पांना काहीच दिसत नाही. सकाळी त्याला धरून ते न्हाणीकडे जातात. रेशीम उन्हात ठेवू नये, विरतं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. गोफ दिवसभर उन्हात असतो. परवा मी पाहिलं, मधे एक पदर तुटला आहे. त्यांची बोटं त्यावरून गेली आणि थांबली नाहीत.