बेटावरची अर्धी विहीर

मी तिसरीपर्यंत शिकलो, पण दगड मला वाचता येतो. लोहा तालुक्यातल्या कितीतरी विहिरींचा तळ माझ्या हातचा आहे. एकच विहीर मी अर्धी सोडली, आणि ती आता बेटावर आहे. आमच्या बरड रानात एक काळं टेकाड होतं. धरण झालं, चारी बाजूंनी पाणी आलं आणि टेकाडाचं बेट झालं.

विहीर का सोडली ते सांगतो. आमच्या कामात एक रीत होती. सकाळी खाली उतरलं की थोरल्यानं पहार तळाला टेकवायची आणि वरच्या टोकाला कान लावायचा. खालचा दगड घट्ट आहे का पोकळ, ते कळतं. कान एकाचाच. दुसऱ्यानं लावायचा नाही, विचारायचंही नाही. काळा पाषाण संपून गेरूसारखी तांबडी पट्टी लागली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कान लावला तर खालून घरघर येत होती. झोपलेल्या म्हाताऱ्याच्या छातीतून येते तशी. मध्येच थांबायची, मग पुन्हा.

मी सगळ्यांना वर काढलं. धाकटा भाऊ सगळ्यांत शेवटी वर आला. पाणी चार हातांवर असताना थोरला भिऊन पळाला, असं तो चारचौघांत म्हणाला. तेव्हापासून गावात तिचं नाव भेकडाची विहीर. तीस वर्षं मी ते ऐकतोय.

गेल्या उन्हाळ्यात नांदेडहून दगडांचा अभ्यास करणारे दोघे आले, एक पिकल्या केसांचे सर आणि एक बाई. टेकाड कसं जन्मलं, यावरून त्यांचं लई दिवसांचं भांडण. सरांचं म्हणणं, हा दगड पातळ रस होऊन लांब पश्चिमेकडून वाहत आला, थरावर थर बसला. तांबडी पट्टी म्हणजे दोन थरांमधली भाजलेली माती. आजूबाजूचं झिजलं, हे उरलं. बाई म्हणायच्या, रस इथंच भेगेतून वर आला. बेट म्हणजे त्या भेगेचं बुजलेलं तोंड. निकाल माझ्या विहिरीत होता. पट्टी चारी बाजूंनी सलग असली तर सर खरे, उभ्या दगडानं तुटली असली तर बाई.

पण धरणाचं पाणी झिरपून पट्टी बुडालेली. राहिली माझी साक्ष. मी काय सांगतो ते ऐकायला भाऊही होडीत बसून आला होता.

पूर्वेला पट्टी तुटली होती आणि तिथं दगड फळीसारखा उभा होता, हे मी सांगितलं. घरघरही सांगितली. सरांनी पहिलं वहीत लिहिलं, दुसरं नाही. म्हणाले, बाबा, त्या भेगा कोट्यवधी वर्षांपूर्वी थंड झाल्या, तुम्हाला भास झाला असेल. बाईंनीही मान डोलावली. तेवढ्यापुरतं दोघांचं जुळलं.

तेवढ्यात विहिरीतलं पाणी थरथरलं. वारा नव्हता. बाहेर धरणाचं पाणी ताटासारखं निवांत. आत मात्र बारीक लाटा उठल्या, काठाकडून मध्ये जाणाऱ्या. मग सर म्हणाले, कपार ढासळली असेल. बाई म्हणाल्या, खडक ताण सोडतो. पुन्हा वाद सुरू.

काठावर बसलेला भाऊ मध्येच म्हणाला, "साहेब, ते दुसरं बी लिवा. मी बी ऐकलंय."

मग त्यानं सांगितलं. सगळे वर गेल्यावर त्यानं रीत मोडून पहारीला कान लावला होता. घरघर आली. नीट ऐकावं म्हणून त्यानं श्वास धरला, तर तीही थांबली. त्यानं श्वास सोडला तेव्हा ती पुन्हा सुरू झाली.

मी विचारलं, "मग तीस वर्षं मला भेकड का म्हणलास?"

"तू भ्यालास म्हणलं की गोष्ट तुझ्यापुरती ऱ्हाते, दादा. दोघांनी ऐकली म्हणलं, की ती खरीच हाय."

सरांनी ते लिहून घेतलं. नुसत्या माझ्या साक्षीवर बेटाचा वाद काही मिटला नाही. ते अजून भांडून राहिले म्हणतात. माझ्या नावावरचा डाग मात्र गेला. गावात आता मला कोणी भेकड म्हणत नाही, आणि मी तेव्हाही भ्यालो नव्हतो, हे आजही सांगतो. पण होडी निघाली तेव्हा आम्ही दोघं भाऊ बेटाकडं तोंड करून बसलो. त्याच्याकडं पाठ फिरवायला दोघांचंही मन झालं नाही.