हवेतलं अंतर

शिक्षण खात्याचे साहेब आले तेव्हा मी भागाकार शिकवत होतो. पनवेलमागच्या डोंगरावरची वाडी, शाळेची एक खोली, पहिली ते चौथी मिळून नऊ पोरं आणि मी एकटा मास्तर. साहेबांनी फळ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मोबाइल काढला, नकाशावर वाडीपासून खालच्या गावातल्या शाळेपर्यंत सरळ रेघ ओढली आणि म्हणाले, "एक किलोमीटर. ही शाळा खालच्या शाळेत विलीन करायला काहीच हरकत नाही, गुरुजी."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आमच्या पोरांना काय पंख फुटलेत? मधे दरी, दरीत ओहळ, ओहळावर पूल नाही. साहेब मलाच समजावत होते, "खाली संगणक आहे, वर्गाला एकेक शिक्षक आहे. दर्जेदार शिक्षण द्यायचंय ना मुलांना?" हा 'दर्जेदार' शब्द ऐकला की आजही शिवी हासडावीशी वाटते.

वाडीतली निम्मी माणसं दिवाळी झाली की पोराबाळांसकट वीटभट्टीवर जातात. त्या वर्षी त्यांतली एक बाई मात्र मागे राहिली होती, दुसरीतल्या मुलीसाठी. "शाळा दारात हाय तवर शिकवीन," असं तिने मला बजावलं होतं. शाळा गेली की ती पोर विटा थापायला जाणार, हे मला लख्ख दिसत होतं.

आता माझी अक्कल बघा. म्हटलं, साहेबाला चालवू, घाम फुटला की अंतर कळेल. "चला ना साहेब, पायीच उतरू." मी रोज दुसऱ्या बाजूने चढायचो, म्हणून वाट दाखवायला त्याच पोरीला घेतलं. ती पुढे टणाटण उड्या मारत चालली. साहेब दोनदा घसरले, एकदा चांगलेच आपटले. मला आतून गुदगुल्या होत होत्या. फेब्रुवारी होता, ओहळ कोरडा ठणठणीत. खाली पोचायला पाऊण तास लागला. साहेबांनी घटाघटा पाणी प्यायलं आणि पोरीला विचारलं, "दमलीस का गं?"

"नाय."

"रोज येशील?"

मोठ्या माणसाला नाही म्हणायचं नसतं, हे मीच तिला शिकवलेलं. "येईन," ती म्हणाली.

साहेबांनी उभ्या उभ्या कागदावर लिहिलं : विद्यार्थिनी समक्ष चालत आली, वाट चालण्यायोग्य आहे. सोबत होतो म्हणून खाली माझी सही मागितली. मी पावसाचं, ओहळाचं सांगत राहिलो. "ते वेगळं कळवा," म्हणाले. आणि केली की हो मी सही! शेपूट घातली, दुसरं काय?

जूनमध्ये शाळेला कुलूप लागलं, माझी बदली कळंबोलीकडे झाली. दिवाळीनंतर वाडीत गेलो तर त्या पोरीची आई बोचकं बांधत होती. पावसात ओहळ भरला की पोर आठ-आठ दिवस घरी बसायची, शेवटी जाणंच सुटलं. आता दोघी भट्टीवर निघाल्या होत्या. पोर माझ्याकडे बघेना. मी साहेबाच्या नावाने खडे फोडायला सुरुवात केली. चार शिव्या घालून मला मोकळं व्हायचं होतं.

"तुमच्या साहेबाला मी वळखत नाय," बाई बोचक्याची गाठ आवळत म्हणाली. "माझ्या पोरीला खाली तुमी नेलंत, गुरुजी."