चाकांवरची खोली

जिल्हा नवा झाला तेव्हा आमच्या कार्यालयाचा रबरी शिक्का अजून जुन्याच जिल्ह्याचा होता. कागदावर शिक्का मारायचा, जुनं नाव पेनाने खोडायचं आणि बाजूला 'लातूर' लिहायचं, हे माझं नोकरीतलं पहिलं काम. दुसरं काम दुष्काळी कामावर मजुरांची हजेरी घेण्याचं. निलंग्याच्या पुढे, डांबरी सडक सोडून दोन-अडीच कोस आत, माळावर पाझर तलाव खोदणं चालू होतं. तिथे मला नेमलं आणि सांगितलं, राहायचं तुमचं तुम्ही बघा.

खोली बघायला मी आणि दादा, म्हणजे माझे वडील, बरोबर गेलो. तिथेच चुकलं असं मी तेव्हा मनात म्हणायचो. आमचं आडनाव पाटलाच्या घरातही सापडतं आणि आमच्या वस्तीतही. मी नुसतं आडनाव सांगून गप्प बसलो असतो, तर निम्मी दारं उघडली असती. पण दादांना गप्प बसणं ठाऊक नव्हतं. समोरच्याने विचारायच्या आत ते सांगून मोकळे, "आमी बौद्ध हाव." मग त्या खोलीत कांदा भरलेला निघायचा, किंवा पाव्हणे यायचे असायचे, किंवा छप्पर गळकं असायचं. दोन वर्षं पावसाचा पत्ता नाही, आणि म्हणे छप्पर गळकं.

तिसऱ्या गावाहून परतताना एस.टी.ची वाट बघत बसलो होतो. मी चिडून दादांना म्हणालो, "तुम्ही येऊ नका माझ्याबरोबर."  एस.टी. आली तेव्हा ते पिशवी उचलता उचलता म्हणाले, "घर मागायचं कामून? आपलं घर आपुन संगं वडत न्यायचं."

दादा नांदेडकडे रेल्वेत गँगमन होते. रुळाचं काम निघेल तिथे त्यांची टोळी जायची आणि आडबाजूच्या रुळावर उभ्या केलेल्या डब्यात महिनोन्‌महिने राहायची. निम्मी नोकरी त्यांनी चाकांवर झोपून काढली होती. डब्याला कुणी वस्ती विचारत नाही, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या हातांना काम नव्हतं, आणि आता मिळालं.

तीन महिने आमच्या लातूरच्या भाड्याच्या घरापुढे लोखंड पडलेलं होतं. मोडीत निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचा आस, जुन्या ट्रकचे कमानपाटे, भंगारातल्या बसच्या सरकत्या खिडक्या. दादा माप घ्यायचे ते सुतळीने आणि वितीने. औसा रोडचा एक वेल्डर जोडकाम करायला यायचा आणि रोज त्यांच्याशी भांडायचा. खोली इतकी उंच कशाला, असं त्याचं म्हणणं. दादा म्हणायचे, "माळावर कमरंएवढे धोंडे हायेत, बाबा. तळ घासला की घर गेलं." खोलीचा तळ माझ्या कमरेच्या वर आला. चढायला लोखंडी पायऱ्या केल्या, त्याही उचलून आत ठेवता येतील अशा. आत बिजागरीवर भिंतीला टेकणारी बाज, भांडी पडू नयेत म्हणून फळीला पुढून पट्टी, स्टोव्हला खोकं, तळाखाली पाण्याचं पिंप आणि त्याला तोटी. "चाकावरच्या घरात सुटी वस्तू ठेवायची न्हाई," हे ते माझ्या बायकोला दहादा ऐकवायचे. तीही दहादा "बरं मामा" म्हणायची.

भिंती पत्र्याच्या होत्या. उन्हाळ्यात तापू नयेत म्हणून आतून सगळीकडे गोणपाट ताणलं होतं. त्याच्यावर पाणी मारायचं आणि खिडकी उघडायची, म्हणजे गार वारा येतो, ही रेल्वेच्या डब्यातली युक्ती. मी तोंडाने टोमणे मारत होतो, पण खरं सांगायचं तर संध्याकाळी माळावरच्या कामावरून परतताना माझी पावलं त्या गाडीकडेच वळायची. आपल्या बापाला एवढं काही येतं, हे मला माहीत नव्हतं.

लातूरची भाड्याची जागा आम्ही सोडली आणि तलावाच्या कामावरच्या ट्रॅक्टरनेच गाडी ओढून नेली. कोरड्या ओढ्यात उतरताना खोली इतकी कलंडली की मी डोळे मिटून घेतले. दादा सबंध आडवाट तिच्या बाजूने चालले, हातात चाकाखाली सारायचा धोंडा घेऊन. माळावर पोचून दार उघडलं तर एकही कपबशी फुटलेली नव्हती. त्या दिवशी ते दोन भाकरी जास्त जेवले.

गाडी आम्ही गावाजवळच्या लिंबाखाली लावली होती. दुसऱ्या दिवशी सरपंच आले. फार गोड माणूस. "तुमी सरकारी मानूस, तुमचा मान हाय," म्हणाले, "पर गाडी तेवढी वढ्याच्या खाल्लाकडं घ्या." घेतली. पंधरा दिवसांनी तिथूनही हलवायला सांगितलं, कारण खाली झिऱ्यावर बाया पाण्याला जातात. तेव्हा मला कळलं, की घराला चाकं असली की जा म्हणणाऱ्याचं काम जास्तच सोपं होतं. भिंतीच्या घराला निदान पाडावं लागतं. मी हे दादांना बोलून दाखवलं. ते चाकाखालचा धोंडा काढत होते. काढत राहिले.

शेवटी गाडी पार माळावर उभी राहिली, जिथे एक झाड नव्हतं. चैत्र लागला. मजुरांसाठी टँकर यायचा, त्यातलं प्यायला पुरेल एवढं आमच्या वाट्याला. गोणपाटावर मारायला पाणी आणायचं कुठून? दादांची सगळी युक्ती पाण्यावर उभी होती आणि पाणीच नव्हतं. कोरडं गोणपाट उलट धग धरून ठेवायचं. दुपारी पत्र्याला हात लावला तर चटका बसायचा. त्यात बायकोला मुदतीचा ताप आला. निलंग्याच्या डॉक्टरने तपासून मला बाजूला घेतलं आणि स्पष्ट सांगितलं, की हिला त्या पत्र्याच्या डब्यातून आजच्या आज बाहेर काढा, नाहीतर ही वाचायची नाही.

परत आलो तर दादा पायरीवर बसले होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "खोली बघाया तू एकलाच जा. मी न्हाई येत." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला रागच बरा वाटला असता.

मी एकटा निलंग्याला गेलो. तासाभरात खोली मिळाली. धाब्याचं घर, जाड भिंती, आत शिरल्यावर गार. मालकीणबाई वयस्क, विधवा, शेतकरी घरातल्या. आडनाव ऐकल्यावर त्यांनी मान डोलावली, "म्हंजी आमच्यातलेच म्हना की." मी "हं" म्हणालो. एवढंच. खोटं बोललो असं मला कुणी सिद्ध करून दाखवू शकलं नसतं. पुढे कित्येक दिवस मी स्वतःलाही हेच सांगत होतो.

बाई वाईट असत्या तर माझं सोपं झालं असतं. त्यांनी माझ्या बायकोच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या, पेज भरवली, ताप उतरल्यावर ताक दिलं. ती उठून बसायला लागली ती त्यांच्यामुळे, हे मी आजही म्हणेन. मी सायकलवर माळावर जायचो, हजेरी घ्यायचो, परत यायचो. दादा गाडीत एकटेच राहत होते. स्वतः भाकरी थापायचे. सून कशी आहे एवढंच विचारायचे, आणि घरमालक कोण, काय, हे एकदाही विचारलं नाही.

एका सुटीच्या सकाळी बाहेर ट्रॅक्टर थांबल्याचा आवाज आला. दादा दारात उभे होते, हातात पाण्याचा कॅन. निलंग्यात नळाला पाणी नाही हे कुणीतरी त्यांना सांगितलं असणार. टँकरचा आपला वाटा वाचवून वाचवून त्यांनी तो भरला होता. त्यांचे ओठ फुटलेले होते. आम्हाला दिलेलं पाणी ते स्वतः पीत नव्हते, हे ओठांकडे बघूनच समजत होतं.

मालकीणबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मला विचारलं, "कोन हाय ओ हे?"

आत माझी बायको अजून भिंत धरून चालत होती. मी म्हणालो, "साइटवरचा राखणदार आहे. आमची गाडी राखतो."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. जेमतेम क्षणभर. मग त्यांनी कॅन माझ्या पायापाशी ठेवला आणि बाईंना म्हणाले, "व्हय बाई. सायबानं पानी मागिवलं व्हतं."

"उन्हाचं आलाव, पानी प्या," म्हणत बाई तांब्या घेऊन आल्या आणि मधेच थबकल्या. "कुनाच्यातले म्हनायचं तुमी?"

"बौद्ध हाव," दादा म्हणाले. जातीबद्दल मात्र ते खोटं बोलले नाहीत.

बाईंनी तांब्या उंच धरला. दादा वाकले, ओंजळ केली आणि प्यायले. बराच वेळ प्यायले, तहान फार होती. पाणी त्यांच्या कोपरांवरून खाली सांडत होतं आणि मी तीन हातांवर उभा राहून बघत होतो. बाईंनी कॅनकडे बोट करून मला हळूच सांगितलं, "ते वापराया ठेवा. प्यायला माज्याकडचं न्या."

दादांनी धोतराने तोंड पुसलं. "येतो सायेब," म्हणाले आणि वळले.

तेवढ्यात मागून बायकोची हाक आली, "मामा, थांबा ना." ती चौकट धरून उभी होती, डोक्यावर पदर घेतलेला. तिने सगळं ऐकलं होतं. मालकीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिने पुन्हा हाक मारली, यावेळी जोरात. दादा वळले नाहीत. दुसऱ्याच कुणाला हाक मारली असावी तसे चालत गेले आणि ट्रॅक्टरवर चढून बसले. वळले असते तर मी उघडा पडलो असतो.

खोली आम्ही त्याच दिवशी सोडली. बाईंनी जा म्हटलं नाही, आणि राहा असंही म्हटलं नाही. माळावर पोचलो तेव्हा दादांनी आपली वळकटी काढून गाडीच्या खाली, चाकांमधल्या सावलीत अंथरली होती. सुनेला दिवसा तिथे गार वाटेल म्हणाले. ती त्या उन्हाळ्यातून वाचली.

झाल्या गोष्टीचा विषय दादांनी कधी काढला नाही. मीही माफी मागितली नाही. मागायला हवी होती. फक्त त्यानंतर ते मला नावाने हाक मारीनासे झाले. घरी असो, चारचौघांत असो, 'साहेब' म्हणायचे. मला वाटायचं हा टोमणा आहे, आणि तो मला मिळायलाच हवा. ते गेल्यावर बायकोने सांगितलं, की तिने त्यांना एकदा याबद्दल विचारलं होतं. ते म्हणाले होते, "पुन्यांदा कुटं गरज पडली तर तोंडात बसल्यालं असावं, माय. त्या दिवशी मी जरा अडखळलो व्हतो."