झाकलेलं बरं

चहा आला की साहेब आधी कपावर बशी पालथी घालत आणि मगच समोरच्याशी बोलायला लागत. चहा निवू नये म्हणून नव्हे, माशी पडेल म्हणून. "झाकलेलं बरं," असं वर म्हणत. बोलता बोलता चहा गार होऊन जाई आणि मग तो तसाच टाकून ते उठत. इतक्या वर्षांत एकदाही माशी पडली नाही, हे त्यांनी मला मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं.

नाशिकजवळ अंबडच्या एका कारखान्यात ते फायनान्स मॅनेजर होते आणि मी त्यांच्या हाताखाली निर्यातीची कागदपत्रं बघायचे. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून पुढची बारा-तेरा वर्षं आम्ही एकाच केबिनमध्ये समोरासमोर बसलो. इतका काळ एखाद्यासमोर काढला की त्याच्याबद्दल माया तरी वाटते, नाहीतर तिटकारा. मला तिटकारा वाटला. माया आलीच असेल तर ती अगदी शेवटी, आणि तीही नाइलाजाने.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सरळ प्रश्न विचारला की त्यांचा उजवा तळहात आधी छताकडे होतो, मग जमिनीकडे. "तसं बघायला गेलं तर हो. पण..." त्या 'पण'नंतर काही येईल म्हणून आपण थांबतो. काही येत नाही. भावाच्या लग्नासाठी मी रजा मागितली तेव्हा साहेब म्हणाले, "हरकत नाही. पण मी हो म्हणालो असं समजू नका." मी लग्नाला गेले आणि हळदीपासून वरातीपर्यंत, आपली नोकरी आहे की गेली, याचाच विचार करत बसले.

कारखान्यात कामगारांच्या दोन युनियन होत्या. दोन्हींच्या गणपतीला ते सारखी वर्गणी देत आणि दोघांनाही खासगीत सांगत, "तिकडे दिली ती आपली लोकलाजेखातर." एकदा दोन्हीकडचे पुढारी कँटीनमध्ये शेजारी बसले आणि हे बिंग फुटलं. साहेबांना त्याचं काही वाटलं नाही. "लोक म्हणतात दोन दगडांवर पाय ठेवू नये," ते मला म्हणाले, "मी म्हणतो, एका दगडावर उभा राहिलेला माणूस कधी पाहिलाय का? तोच पडतो." मुलीच्या लग्नातही त्यांनी हेच केलं. दोन चांगली स्थळं आली होती, दोघांनाही त्यांनी वर्षभर अर्धा होकार देऊन ठेवला. दोन्ही मुलांची लग्नं दुसरीकडे झाली.

मालकांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. मखमलाबादकडे त्यांच्या घरचा मळा होता. वडील मेथी, कोथिंबीर आणि झेंडू पिकवून नाशिकच्या बाजारात विकत. अण्णा स्वतः लेथवर काम करत वर आले होते. इंग्रजी कागद समोर आला की न वाचता साहेबांकडे सरकवायचे.

आमचे सुटे भाग अमेरिकेला जायचे. पैसे डॉलरमध्ये, आणि तेही तीन महिन्यांनी यायचे. तोवर डॉलरचा भाव पडला तर? म्हणून तो येणारा डॉलर आजच ठरलेल्या भावाने बँकेला विकून ठेवायचा. याला साहेब ऑफिसात 'कव्हर घेणं' म्हणत आणि चार लोकांत 'हेजिंग'. पहिल्यांदा त्यांनी हे समजावलं तेव्हा अण्णा म्हणाले, "म्हंजे मेथी अजून वाफ्यात उभी, अन् आपण व्यापाऱ्याशी भाव ठरवून मोकळं व्हायचं."

"तसंच अण्णा. फक्त इथे व्यापारी म्हणजे बँक."

काही वर्षी डॉलर उलट चढायचा. मग अण्णा चुळबुळ करायचे, "कव्हर नसतं घेतलं तर लय फायदा झाला असता, साहेब." त्यावर साहेबांनी एकदा उत्तर दिलं होतं, "विमा काढला आणि गाडी आपटली नाही, म्हणून कुणी रडतं का?" त्यांचं मला पटलेलं हे एकमेव वाक्य. खरं तर त्यांनी तेवढ्यावरच थांबायला हवं होतं.

पण या कव्हरमुळे त्यांना नाव मिळालं. उद्योजकांच्या सभागृहात त्यांना जोखमीवर बोलायला बोलावू लागले. कोट घालून जायचे. दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये मला तेच भाषण पुन्हा ऐकावं लागायचं.

मग दोन हजार सात साल उजाडलं आणि रुपया वर चढू लागला. निर्यातवाल्यांचे चेहरे उतरले. त्या दिवसांत एका बँकेचा टाय लावलेला तरुण लॅपटॉप घेऊन आला. अण्णांच्या केबिनमध्ये तो, अण्णा आणि साहेब तासभर बसले. बाहेर आले तेव्हा साहेब खुशीत होते.

"नवीन कव्हर आहे मॅडम. खर्च शून्य."

योजना अशी होती की स्विस फ्रँकचा भाव एका ठरावीक पातळीला पोहोचला नाही, तर बँक आम्हाला पैसे देणार, आणि पोहोचला तर आम्ही बँकेला. मी विचारलं, "पण सर, आपलं स्वित्झर्लंडला काहीच जात नाही ना?"

तळहात वर, तळहात खाली. "हेही हेजिंगच आहे. जरा पुढचं."

आपल्या घराला आग लागेल म्हणून काढतात तो विमा. शेजाऱ्याचं घर जळणार की नाही यावर पैसे लावणं याला आमच्याकडे दुसरा शब्द आहे. तो मला माहीत होता, साहेबांनाही असणारच. पण पहिले काही महिने बँकेकडून खरोखरच पैसे आले. अण्णांनी ऑफिसात पेढे वाटले. साहेबांचं एक भाषण वाढलं.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला फ्रँक ती पातळी ओलांडून गेला. "तसं बघायला गेलं तर हा कागदावरचा तोटा आहे," साहेब म्हणाले. महिनाभरात बँकेची मागणी आली. कारखान्याने कित्येक वर्षांत कमावलं होतं, त्याहून ती मोठी होती.

अण्णा आम्हा दोघांना घेऊन गंगापूर रोडवरच्या एका वकिलाकडे गेले. वकिलाने सगळे कागद पाहिले आणि साहेबांना विचारलं, "या व्यवहारात नुकसानीला मर्यादा नाही, हे बँकेच्या माणसाने तुम्हाला समजावलं होतं का? तुमच्यासारख्या जाणकारालाही ते समजलं नव्हतं, असं तुम्ही म्हणालात तर आपण लढू शकतो. सांगा, समजलं होतं की नव्हतं?"

मी साहेबांच्या हाताकडे बघत होते. तो उचलला गेलाच.

"तसं बघायला गेलं तर सांगितलं होतं. पण सांगितलं नव्हतं, असंही म्हणता येईल."

वकिलाने पेनाचं टोपण लावलं. "यांना कोर्टात उभं केलं," तो अण्णांना म्हणाला, "तर बँकेचा वकील खूश होऊन मला जेवायला घालेल."

अण्णांनी बँकेशी तडजोड केली. मखमलाबादचा मळा विकला. दुसरी पाळी बंद झाली आणि त्या पाळीतली माणसं घरी गेली. त्यांत दोन्ही युनियनची होती.

पावसाळा संपता संपता साहेबांनी राजीनामा दिला. हिशेबाचे कागद घेऊन मी अण्णांच्या केबिनमध्ये गेले तेव्हा साहेब समोर बसले होते. मी परत फिरणार, तर अण्णांनी हातानेच थांबवलं.

"साहेब, आता कोर्ट नाय, बँक नाय. मला सरळ सांगा. ते फ्रँकचं तुम्हाला कळलं होतं का?"

साहेबांचे दोन्ही हात मांडीवर होते. ते तिथेच राहिले.

"नाही, अण्णा."

"कायच?"

"त्या पोराने गणित मांडलं आणि पहिल्या पाच मिनिटांतच हातातून सुटलं. तुम्ही माझ्याकडे बघत होता. मग मी मान डोलावली."

"मग वकिलाला हेच का नाय सांगितलं? तो तेच तर मागत होता."

"इतकी वर्षं लोकांना हेच शिकवत आलो. आणि आता भर कोर्टात सांगायचं की मला..."

अण्णा रागावले नाहीत. खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाले, "तुमची अब्रू राखायला माझा मळा गेला, साहेब."

साहेबांनी माझ्याकडे पाणी मागितलं. मी दिलं. ते एका दमात प्यायले आणि रिकाम्या ग्लासवर सवयीने झाकण ठेवलं. मला कणव वाटली. आणि त्याच क्षणी मनात आलं, बाबा रे, हा एक शब्द पाच महिने आधी बोलला असतास तर?

त्यांना निरोप द्यायला कुणी थांबलं नव्हतं. संध्याकाळी मी निघाले तेव्हा ते गेटबाहेर पिशवी घेऊन उभे होते. एक रिक्षा थांबली. त्यांनी वाकून भाडं विचारलं, विचार केला आणि तिला जाऊ दिलं. दुसरी आली, तिलाही. मी स्कूटी चालू केली. वळणावरून मागे पाहिलं तेव्हा तिसरी रिक्षा उभी होती आणि साहेब आत वाकून काहीतरी विचारत होते.